परदेशातला रोल मिळतो कसा? टेप, अडत आणि व्हिसाची फाईल

सांगलीत नाटकवाल्यांच्या कट्ट्यावर महिन्या-दोन महिन्यांनी हा विषय निघतोच. आपल्याकडच्या अमक्याला हॉलिवूडचा पिक्चर मिळाला, अशी बातमी कुणाच्या तरी मोबाईलवर आलेली असते. एक जण म्हणतो, "वशिला असणार राव." दुसरा म्हणतो, "फाडफाड इंग्लिश येत असेल, दुसरं काय." वशिला थोडाफार लागतो, इंग्रजीही लागतं. पण या दोन्ही गोष्टी असलेले नट मुंबईत ढिगाने आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना बाहेरचं काम नाही. घोडं अडतं ते तारखा, करार आणि कागदपत्रांपाशी. बातमीत फोटो असतो, मानधनाचा बहुधा फुगवलेला आकडा असतो, पण ही मधली भानगड नसते. म्हणून ती जरा उलगडून सांगतो.

नटाने बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणं आपल्याला नवीन नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं आणि पुढे त्यांची मंडळी गावोगाव फिरली. बालगंधर्व तर आपल्या नागठाण्याचे. तेव्हा संस्थानिकाची मर्जी असली की मुक्काम पडायचा. आता तिकडच्या युनियनचं पत्र लागतं.

मुळात 'परदेशात काम केलं' या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळे धंदे दडलेले असतात. सगळ्यांत जुना प्रकार म्हणजे परदेशी कंपनीच इकडे येते आणि इथले नट घेते. १९८२च्या 'गांधी'त कस्तुरबा केलेल्या रोहिणी हट्टंगडी पुण्याच्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या. त्या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर त्या पुन्हा इथल्याच नाटक-सिनेमात कामाला लागल्या. १९८४च्या 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम'ची कथाही भारतातली. पण भारत सरकारशी परवानगीवरून जमेना, म्हणून बाहेरचं शूटिंग श्रीलंकेत झालं. त्यातल्या खलनायकासाठी अमरीश पुरींनी डोक्याचा तुळतुळीत गोटा केला आणि तो इतका शोभला की पुढे हिंदीतही तोच त्यांची ओळख होऊन बसला.

दुसऱ्या प्रकारात नट कुठेच जात नाही, सिनेमा जातो. 'कोर्ट' हा बराचसा मराठीत बोलणारा सिनेमा २०१४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गेला आणि दोन मोठे पुरस्कार घेऊन आला. छाया कदम यांचे तर २०२४ साली फ्रान्सच्या एकाच कान चित्रपट महोत्सवात दोन सिनेमे होते. त्यांतल्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ला ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळालं. तीस वर्षांनी एखादा भारतीय सिनेमा कानच्या मुख्य स्पर्धेत पोचला होता, आणि त्याचा उत्तरार्ध घडतो आपल्या रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर. असा सिनेमा महोत्सवात गाजला की विक्रीचं काम पाहणारी कंपनी तो देशोदेशीच्या वितरकांना विकते. मग पॅरिसमधल्या एखाद्या कास्टिंग डायरेक्टरला, म्हणजे नट निवडणाऱ्या माणसाला, हा चेहरा आपसूक माहीत होतो. माझं प्रामाणिक मत असं की मराठी नटासाठी हाच रस्ता सगळ्यांत सरळ आहे. पण कट्ट्यावर त्याला कुणी 'हॉलिवूड' म्हणत नाही, त्यामुळे त्याची चर्चा होत नाही.

कट्ट्यावरचं हॉलिवूड म्हणजे तिसरा प्रकार, तिकडच्या सिनेमात तिकडे जाऊन काम करणं. चौथा त्याच्याही पुढचा, तिकडच्या मालिकेत कायमचं पात्र होऊन बसणं. या दोन्हींसाठी इरफान खानची वाटचाल डोळ्यांसमोर ठेवली की बरंच कळतं. तो १९८७ साली नाट्य विद्यालयातून बाहेर पडला. मग कितीतरी वर्षं टीव्ही मालिका. २००१ साली 'द वॉरियर' आला. दिग्दर्शक ब्रिटिश, पैसा ब्रिटिश, शूटिंग राजस्थान आणि हिमालयात, संवाद हिंदी. या सिनेमाची गंमत म्हणजे बाफ्टामध्ये त्याला सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपटाचा मान मिळाला, पण ब्रिटनने तो ऑस्करला पाठवायचं ठरवलं तेव्हा हिंदी ही ब्रिटनची भाषा नाही म्हणून तो नाकारला गेला. त्यानंतर 'द नेमसेक' यायला २००६ उजाडलं. २००७-०८मध्ये 'अ मायटी हार्ट', 'द दार्जिलिंग लिमिटेड', 'स्लमडॉग मिलियनेर'. २०१२ला 'स्पायडरमॅन' आणि 'लाइफ ऑफ पाय', २०१५ला 'जुरासिक वर्ल्ड'. म्हणजे पहिल्या ब्रिटिश कामापासून मोठ्या स्टुडिओपर्यंत अकरा वर्षं, आणि या अकरा वर्षांत इकडचं काम एकदाही बंद नाही.

मला मात्र या सगळ्यांपेक्षा त्याचं २०१०चं 'इन ट्रीटमेंट' या अमेरिकन मालिकेतलं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. मानसोपचारतज्ज्ञाची खोली, समोर बायको वारलेला बंगाली माणूस, आणि दोघं बोलतायत. ना हाणामारी, ना डायनासोर. पानंच्या पानं संवाद, तेही परक्या भाषेत. ज्याने दोन पात्रांची एकांकिका केली आहे त्याला ते बघताना कळेल की हा माणूस तिकडे जाऊन नाटकच करतोय.

भूमिका कसल्या मिळतात, हेही स्पष्ट बोललेलं बरं. म्हैसूरच्या माहुताचा पोरगा साबू १९३७ साली 'एलिफंट बॉय'मधून हॉलिवूडपर्यंत गेला, पुढे अमेरिकेचा नागरिक झाला, दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या हवाई दलात लढलाही. पण पडद्यावर त्याच्या वाट्याला हत्ती, जंगल आणि जादूचे गालिचे एवढंच यायचं. नंतरच्या पिढ्यांना टॅक्सीवाला, दुकानदार, डॉक्टर. ओम पुरींना 'ईस्ट इज ईस्ट'मध्ये १९९९ साली इंग्लंडमधल्या पाकिस्तानी बापाची घसघशीत भूमिका मिळाली, बाफ्टाचं नामांकनही मिळालं. पण असं काम दशकात एखाद-दुसरं.

यातली खरी स्पर्धा गोऱ्या नटांशी नसतेच. ती असते तिकडेच जन्मलेल्या, आपल्या वंशाच्या नटांशी. 'स्लमडॉग'मधला मुंबईचा झोपडपट्टीतला पोरगा लंडनच्या देव पटेलने केला. त्याचा एजंट तिथलाच होता आणि इंग्रजी त्याच्या घरची होती. इथल्या नटाला बोलावणं येतं ते दोन कारणांनी. एक, इथलेपण इतकं अस्सल पाहिजे की तिकडच्या पोराला ते जमणार नाही. दोन, त्या नावामुळे भारतात तिकिटं किंवा ओटीटीच्या वर्गण्या खपतील. दीपिका पडुकोण, धनुष, आलिया भट यांना तिकडे बोलावताना दुसरा हिशोब नक्कीच डोक्यात असतो. त्यात वाईट काही नाही. पण सांगलीतल्या होतकरू पोराने त्या रस्त्याकडे बघून स्वतःचा अंदाज बांधू नये.

अडत आणि पट्टी

मार्केट यार्डात हळद घेऊन आलेला शेतकरी मसाला कंपनीच्या मालकाला थेट भेटत नाही. मधे अडत्या असतो. तो माल दाखवतो, सौद्यात भाव काढतो, हिशोबाची पट्टी करतो आणि आपली अडत, म्हणजे दलाली, कापून घेतो. एजंट म्हणजे हाच माणूस. तिकडचा कास्टिंग डायरेक्टर पात्राचं वर्णन एजंटांकडे धाडतो, एजंट आपल्याकडचे दोन-चार चेहरे सुचवतो. थेट मेल पाठवणाऱ्याचा मेल बहुतेक वेळा उघडलाही जात नाही.

कॅलिफोर्नियात कलाकाराला काम मिळवून देण्याचा धंदा फक्त परवानाधारक एजंटच करू शकतो, असा कायदाच आहे. त्याची अडत दहा टक्के. शिवाय करिअरची आखणी करणारा मॅनेजर वेगळा, तो साधारण दहा ते पंधरा टक्के घेतो. करार वाचणारा वकील पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभर डॉलर आले की पंचवीस-तीस वाटेतच गेले. प्रसिद्धी बघणारा माणूस ठेवला तर त्याचा महिन्याचा पगार निराळा. मग कर. काम अमेरिकेत झालं की त्या मिळकतीवर पहिला हात अमेरिकेच्या सरकारचा. इकडे राहणाऱ्या माणसाला भारतातही ती मिळकत दाखवावी लागते. दोन देशांत करार असल्यामुळे तिकडे भरलेला कर इकडे वजा मिळतो, पण त्यासाठी सीए असल्या कामात मुरलेला पाहिजे. बातमीतला 'इतक्या कोटींचा करार' या चाळणीतून गळून हातात किती येतो, हे बातमी लिहिणाऱ्याने कधी विचारलेलं नसतं.

इथेच एक खबरदारी. कास्टिंग डायरेक्टर निर्मात्याचा माणूस असतो, त्याला पैसे निर्माता देतो. ऑडिशनसाठी, 'प्रोफाईल पुढे पाठवायला' किंवा 'हॉलिवूड रजिस्ट्रेशन'साठी जो पैसे मागतो तो दुसराच कुणीतरी असतो. एजंटची अडतही काम मिळाल्यावरच, आधी नाही.

भिंतीवरची चादर

पूर्वी ऑडिशनला लंडनला किंवा लॉस एंजेलिसला जावं लागायचं. आता पहिली फेरी बहुतेक सगळीकडे घरी रेकॉर्ड केलेल्या टेपवर होते. कोरोनानंतर तर हाच शिरस्ता झाला. विश्रामबागेत एका ओळखीच्या पोराची अशी टेप होताना मी बसलो होतो. मुंबईच्या कास्टिंगवाल्यांकडून दोन पानं आली होती. सिनेमाचं नाव खोटं, प्रत्येक पानावर आडवं त्याचं स्वतःचं नाव छापलेलं, म्हणजे पान फुटलं तर कुणाकडून ते कळावं. भिंतीवर निळसर चादर ताणून लावलेली. एप्रिलचं ऊन आणि पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येते. कॅमेऱ्याच्या बाजूला मित्र उभा राहून समोरच्या पात्राची वाक्यं सपाट आवाजात वाचत होता. त्याने अभिनय करायचा नसतो, नाहीतर बघणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं. सुरुवातीला नाव, उंची, कुठल्या शहरात राहतो ते सांगायचं, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवायचा, मग सीन.

पहिल्या दोन टेकमध्ये पोराने भावे नाट्यमंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज लावला. मोबाईल तीन फुटांवर. कपाळावरच्या आठ्या स्क्रीनवर नांगरटीसारख्या दिसायला लागल्या. तिसऱ्याला मित्राने त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "मला सांग, मी इथंच आहे." तेव्हा कुठे ते माणसासारखं झालं. नेमकी त्याच टेकला शेजारच्या कुकरची शिट्टी आली, म्हणून चौथा टेक.

टेप पाठवायची वेळही तिकडच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात सांगलीत रात्रीचे साडेनऊ झाले की लॉस एंजेलिसला सकाळचे नऊ वाजतात, त्यामुळे फोन, मीटिंग आणि 'आजच्या आज पाठवा' हे सगळं आपल्या जेवणानंतर सुरू होतं.

उच्चारांचं म्हणाल तर ब्रिटिश किंवा अमेरिकन ढंगात बोलता आलंच पाहिजे असं नाही. अनेकदा उलट हवं असतं. भारतीय ढंग ठेवा, पण शब्द स्पष्ट कळू द्या. त्यासाठी सेटवर उच्चार शिकवणारा शिक्षक असतो. सातारा जिल्ह्यातले सयाजी शिंदे २००० साली तमिळमध्ये 'भारती' करतात आणि कवी सुब्रह्मण्य भारती उभे करतात, तेव्हा त्यांनी केलेली मेहनत याच जातीची. परक्या भाषेतलं वाक्य पाठ होणं सोपं. ते बोलताना समोरच्याचं ऐकता येणं अवघड.

सही आधी, निवड नंतर

टेप आवडली की दुसरी फेरी, मग दिग्दर्शकाबरोबर व्हिडिओ कॉल, मग सहकलाकाराबरोबर एकत्र वाचन. मोठ्या अमेरिकन मालिकांत त्यापुढे एक विचित्र टप्पा येतो. शेवटच्या स्क्रीन टेस्टला जाण्याआधीच नटाला अख्ख्या करारावर सही करावी लागते. पैसे किती, किती भाग, किती वर्षं, सगळं. त्याच भूमिकेसाठी आणखी दोघा-तिघांनी अशाच सह्या केलेल्या असतात. टेस्टनंतर एकाचा करार जिवंत होतो, बाकीच्यांचे कागद रद्दीत. कारण साधं आहे. निवड आधी झाली तर नट भाव वाढवून मागेल.

आणि हा करार एका बाजूने बांधलेला असतो. मालिका पुढे चालवायची की नाही हे कंपनी दरवर्षी ठरवणार, नट मात्र सहा-सात सीझनला बांधील. या सात आकड्यामागे एक जुना खटला आहे. ऑलिव्हिया डी हॅविलंड या नटीने वॉर्नर ब्रदर्सला कोर्टात खेचलं, आणि १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने निकाल दिला की सात वर्षांपलीकडे कुणाला वैयक्तिक कामाच्या कराराने बांधून ठेवता येणार नाही, आणि ती वर्षं कॅलेंडरची धरायची.

प्रियांका चोप्राचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. तिने आधी एबीसी या अमेरिकन वाहिनीच्या स्टुडिओशी करार केला की तिच्यासाठी ते मालिका शोधतील. मग 'क्वांटिको' आली, २०१५ साली. अमेरिकन नेटवर्कच्या गंभीर, म्हणजे विनोदी नसलेल्या मालिकेत दक्षिण आशियाई बाई मुख्य भूमिकेत, असं पहिल्यांदाच घडलं. तीन सीझन चालली. पण मालिकेचं वेळापत्रक म्हणजे वर्षातले बरेच महिने परदेशात मुक्काम, आणि ती वर्षं हिंदी सिनेमाच्या तारखांतून वजा. अनुपम खेर 'न्यू ॲमस्टरडॅम'साठी २०१८पासून न्यूयॉर्कला होते, २०२१मध्ये बाहेर पडले.

तारखांचा घोळ तर इरफानलाही चुकला नाही. 'इंटरस्टेलर'साठी सलग चार महिने अमेरिकेत राहावं लागणार होतं आणि इकडे 'द लंचबॉक्स' आणि 'डी-डे' ही कामं हातात होती, म्हणून तो सिनेमा सोडावा लागला, असं त्याने स्वतः सांगितलं होतं. आपल्याकडे नट एकाच वर्षात तीन-चार ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी तारखा देतो. तिकडे तारखेचा तुकडा पडत नाही. 'कदाचित तुम्हाला घेऊ, तेवढे आठवडे मोकळे ठेवा' असा निरोप येतो, त्याचे पैसे नाहीत, आणि नकारही कधीकधी कळवला जात नाही. मराठी नटाने त्या आठवड्यांतले नाटकाचे प्रयोग रद्द करायचे की नाही? नाट्यनिर्मात्याने थिएटरचं भाडं भरलेलं असतं. यावर कुणाकडेही पक्कं उत्तर नाही, आणि बाहेरची कामं हुकण्याचं हे कारण कुठल्याच बातमीत येत नाही.

युनियन

अमेरिकेत नटांची संघटना म्हणजे सॅग-आफ्ट्रा. आपल्याकडून तिकडे गेलेल्याला तिचा पहिला फायदा कळतो तो घड्याळात. कामावर आल्यापासून सहा तासांच्या आत जेवणाची सुट्टी, नाही दिली तर निर्मात्याला दंड. पॅकअपनंतर दुसऱ्या दिवशीच्या कॉलपर्यंत बारा तासांची विश्रांती. मुंबईतल्या मालिकांच्या सेटवर काम केलेल्यांनी हे वाचून उसासा टाकला तरी चालेल.

दुसरा फायदा पैशांचा. आपल्याकडे साधारण रीत अशी की एकदा मानधन घेतलं, विषय मिटला. मालिका वीस वर्षं पुन्हा पुन्हा दाखवली तरी नटाला दमडी नाही. २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने कलाकारांच्या रॉयल्टीची तरतूद आली खरी, पण नटांच्या बाबतीत जुनी रीत अजून हटलेली नाही. तिकडे युनियनच्या करारानुसार काम पुन्हा दाखवलं, दुसऱ्या माध्यमाला विकलं, की नटाला ठरलेला वाटा मिळतो. स्ट्रीमिंग आल्यावर हा वाटा आटला. त्यावरून आणि एआयने चेहरा-आवाज वापरण्याच्या भीतीवरून २०२३ साली १४ जुलै ते ९ नोव्हेंबर असा ११८ दिवसांचा संप झाला. त्या काळात तिकडच्या सिनेमांत असलेल्या बाहेरच्या नटांचीही शूटिंगं थांबली.

याची दुसरी बाजू अशी की सदस्य झालं की जगात कुठेही युनियनच्या कराराबाहेर काम करायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. भारतात काम चालू ठेवू पाहणाऱ्याने सभासद होण्याआधी हे वकिलाला विचारून घ्यावं.

फाईल

आता व्हिसा. बहुतेकांना वाटतं निर्मात्याने बोलावलं की व्हिसा ही नुसती औपचारिकता. टुरिस्ट व्हिसावर महोत्सवाला जाता येतं, मीटिंग करता येते, पगारी काम करता येत नाही. ब्रिटनमध्ये त्यातल्या त्यात बरं आहे. निर्माता कंपनी प्रायोजक म्हणून प्रमाणपत्र देते आणि क्रिएटिव्ह वर्कर व्हिसा मिळतो, बारा महिन्यांपर्यंतचा.

अमेरिकेत नटासाठी ओ-१बी नावाचा व्हिसा आहे, 'असाधारण कामगिरी' केलेल्यांसाठी. तो नटाला स्वतःसाठी मागता येत नाही. तिकडच्या निर्मात्याने किंवा एजंटने अर्ज करावा लागतो. अर्जाला नटांच्या युनियनचं आणि निर्मात्यांच्या संघटनेचं, असं दोन्हीकडचं मत जोडावं लागतं. मंजुरी मिळाली तर जास्तीत जास्त तीन वर्षांची, पुढे एकेक वर्षाची वाढ. त्यानंतर मुंबईच्या वकिलातीत मुलाखत आणि पासपोर्टवर शिक्का. बरोबर आलेल्या बायको-मुलांना वेगळा व्हिसा मिळतो, पण त्यावर त्यांना नोकरी करता येत नाही.

असाधारण आहे हे ठरवायचं कसं? ऑस्कर किंवा एमीसारखा पुरस्कार वा नामांकन असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर सहा प्रकारचे पुरावे सांगितले आहेत, त्यांतले निदान तीन दाखवायचे: नावाजलेल्या कलाकृतींत प्रमुख भूमिका, वृत्तपत्रं-मासिकांतून झालेली दखल, नामांकित संस्थांसाठी केलेलं महत्त्वाचं काम, गल्ला किंवा समीक्षकांची पसंती, जाणकारांची आणि संस्थांची मान्यता, आणि इतरांपेक्षा जास्त मानधन. लक्षात घ्या, यात सुंदर दिसणं नाही, ऑडिशन किती छान झाली तेही नाही. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने तुमचा सिनेमा पाहिलेला नसतो आणि तो पाहणारही नाही. तो कागद वाचतो. नटाची फाईल कधीकधी काहीशे पानांची होते.

इथे मराठी नटाची गोची होते. काम खणखणीत असतं, कागद नसतो. परीक्षण आलं होतं पण अंक कुणीतरी रद्दीत घातला. मानधन रोखीत मिळालं, म्हणजे 'जास्त मानधना'चा पुरावा गेला. पारितोषिक मिळालं, प्रमाणपत्र संस्थेच्या कपाटात राहिलं. मराठी कात्रण चालतं बरं का, पण प्रत्येकाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर बरोबर आहे असं लिहून सही करावी लागते. 'जाणकारांची मान्यता' म्हणून दिग्दर्शकांची, संस्थांची पत्रं लागतात. ज्यांनी तुमचं काम पाहिलं त्या ज्येष्ठांकडून ती वेळेवर घ्यावीत. वीस वर्षांनी शोधायला गेलं तर संस्था बंद पडलेली असते.

सगळ्यांत क्षुल्लक वाटणारी आणि सगळ्यांत जास्त डोकं खाणारी गोष्ट म्हणजे नाव. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लांबलचक. नाटकाच्या हस्तपत्रिकेवर घरातलं लाडाचं नाव. सिनेमाच्या श्रेयनामावलीत आडनाव गाळलेलं. पेपरात स्पेलिंग तिसरंच, कुठे एक 'ए', कुठे दोन. आपल्याला माणूस माहीत असतो म्हणून हे खपून जातं. तिकडच्या अधिकाऱ्याला ही चार वेगळी माणसं वाटू शकतात, आणि मग हे सगळे आपणच, याचं प्रतिज्ञापत्र करत वकिलाकडे हेलपाटे. त्यामुळे पुढच्या वेळी स्पर्धेचा फॉर्म भरताना किंवा हस्तपत्रिका छापायला देताना पासपोर्ट शेजारी उघडून ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग त्यावरूनच उतरवा. पासपोर्ट नसेल तर आधी तो काढा. सांगलीकरांना त्यासाठी पुण्याला जावं लागायचं ते दिवसही आता राहिले नाहीत.